चौसष्ट गुलाबांची छाटणी

ऐन थंडीत दवाखान्याच्या बागेतले चौसष्ट गुलाब छाटायची वेळ आली, आणि नेमकी त्याच वर्षी माळीबुवांची उजवी बाजू लुळी पडली. वाचाही गेली. मोठ्या डॉक्टरीणबाई माळीबुवांच्या बायकोला म्हणाल्या, "हिवाळाभर तुम्ही सांभाळा. पुढचं पुढे बघू." बाग बिघडली तर धुलाईघरामागची राहती खोलीही जाणार, हे त्यांनी न बोलताच तिला कळलं.

आजवर तिने पाणी घातलं होतं, बुडाशी पालापाचोळा पसरला होता. कात्रीला मात्र माळीबुवा हात लावू देत नसत.

"किती ठेवू?" तिने विचारलं. त्यांनी डाव्या हाताची तीन बोटं दाखवली. म्हणजे फांदीवर कोंब फुटायचे तीन डोळे ठेवून वरचं छाटायचं.

पहिली फांदी कापण्याआधी तिने डोळे दोनदा मोजले. दोन दिवसांत बाग बोडकी झाली. कंपाउंडर येता-जाता थबकला. "वहिनी, छाटणी केलीत की सूड उगवलात?" ती हसली खरी, पण ते बोलणं दिवसभर डोक्यातून जाईना.

तिसऱ्या दिवशी थंडीचा कडाका पडला. होतं नव्हतं तेवढं गोणपाट तिने झाडांवर टाकलं, तरी एक ओळ उघडी राहिली. सकाळी पाहते तर त्या ओळीतल्या फांद्या टोकाकडून काळ्या पडलेल्या.

"सगळं ठीक आहे," तिने खोलीत येऊन सांगितलं. चमचा पुढे केला, तर त्यांनी तोंड फिरवलं. तेहतीस वर्षांत तिचं एक खोटं त्यांना पटलं नव्हतं, ते आता कुठलं पटणार?

शेवटी ऊन वर आल्यावर नर्सबाईंच्या मदतीने तिने त्यांना चाकांच्या खुर्चीतून बागेत नेलं. काळ्या पडलेल्या ओळीपाशी तिने खुर्ची थांबवली. मग काळ्या भागाखाली त्यांनी डाव्या अंगठ्याच्या नखाने साल खरवडली. आत हिरवं होतं.

"इथून पुन्हा कापू?"

त्यांनी होकारार्थी मान हलवली. मग ती खरवडत गेली, कापत गेली. नऊ झाडं मात्र बुडापर्यंत आतून तपकिरी, मेलेली निघाली.

"माझ्यामुळे गेली का हो?"

त्यांनी बोट आभाळाकडे केलं. थंडीने गेली, असं त्यांना म्हणायचं असावं. तिचा त्यावर पुरता विश्वास बसला नाही.

तीन आठवड्यांनी पंचावन्न झाडांवर तांबूस कोंब दिसले. डॉक्टरीणबाई स्वतः बघून गेल्या. "काम तुमच्याकडेच राहू द्या," म्हणाल्या, "आणि खोलीही."

"बरं बाई," ती म्हणाली. त्यांची पाठ वळताच ती खाली बसली आणि एकेक कोंब उलटून पाहू लागली. कोवळ्या पालवीवर माव्याची कीड फार लवकर पडते, असं तिने ऐकलं होतं.