फळ्यावरची मोकळी ओळ

हे लिहायचं मी सतरा वर्षं टाळत आलो. आता टाळत बसण्याइतकी वर्षं हाताशी उरली नाहीत, म्हणून लिहितो.

आमच्या समोरच्या खोलीतल्या मास्तरांइतकं इंग्रजी क्रियापदांना कामाला लावणारा माणूस अख्ख्या घाटकोपरात झाला नसेल. खरं तर ते मास्तर नव्हतेच, गोदीतल्या एका कचेरीत कारकून होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी चाळीच्या जिन्याखालचा सुविचाराचा फळा ताब्यात घेतला आणि ते मास्तर झाले. त्यांचं म्हणणं असं, की मोठमोठे शब्द साहेबालाही लागत नाहीत. गेट, पुट, टेक, कम, कॉल अशा पाच-सहा क्रियापदांवर त्याचा संसार चालतो. रोज सकाळी दूध येण्याआधी ते फळ्यावर एक वाक्प्रचार लिहीत, खाली मराठी अर्थ आणि त्याखाली इंग्रजीत उदाहरण. उदाहरणात राम-गोविंद चालत नसत. "चाळीतलोच माणूस व्हयो, नायतर डोक्यात रवणा नाय," असं ते बजावत.

त्यामुळे सकाळी सगळ्या चाळीला धास्ती असे. पिशवी आणायला उतरलेला माणूस आधी फळा बघे, मग दूधवाल्याकडे. 'गेट अवे विथ' म्हणजे चूक करून निसटणे. उदाहरण, तळमजल्यावरच्या वहिनी नळाला पंप लावून निसटतात. वहिनींनी तीन दिवस पंपाला हात लावला नाही. 'टेक आफ्टर' म्हणजे घरातल्या मोठ्यांवर जाणे. उदाहरण, तेरा नंबरमधलं बाळ आजोबांवर गेलं आहे, घोरणं भिंतीपलीकडून ऐकू येतं. मी चाळीचा सेक्रेटरी. माझ्या वाट्याला 'पुट ऑफ' आलं. सेक्रेटरी गच्चीच्या गळतीचं काम दर वर्षी पुढे ढकलतात. लोक हसले. मीही हसलो, पण ते आत कुठेतरी रुतून बसलं.

आठवड्यातून एकदा मास्तर उदाहरणाची ओळ मोकळी ठेवत आणि खडू फळ्याच्या कडेवर ठेवून जात, चाळकऱ्यांनी भरावी म्हणून. कुणी भरत नसे. दुपारी तेच येऊन भरत. एका रविवारी फळ्यावर आलं 'कॉल ऑफ', म्हणजे ठरलेलं रद्द करणे. दुसऱ्या मजल्यावरच्या मुलीच्या लग्नात मानपानावरून कुरबुर चालल्याचं माझ्या कानावर होतं. जिन्याखाली कुणी नव्हतं. मी खडू उचलला आणि मास्तरांसारखीच मोठी इंग्रजी अक्षरं काढून लिहिलं, दुसऱ्या मजल्यावरचं लग्न रद्द झालं. वाटलं, लोक हसतील आणि शिव्या मास्तरांना बसतील. तासाभरात नवऱ्यामुलाचे काका आले, ती कुरबुर मिटवायलाच. त्यांनी फळा वाचला आणि जिना न चढताच परत गेले.

लग्न मोडलं. मुलीचं पुढे दुसरीकडे चांगलं झालं, पण त्या संध्याकाळी तिचे वडील मास्तरांच्या दारात तावातावाने बोलत होते आणि मी माझ्या दाराआड कान देऊन उभा होतो. आता मास्तर म्हणतील, मी लिहिलं नाही. आता विचारतील, मग कुणी लिहिलं. मास्तरांनी हात जोडले. "फळो माझो, चूक माझी," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी फळा पुसून भिंतीकडे तोंड करून ठेवला. दोन महिन्यांत ते मुलाकडे दहिसरला राहायला गेले.

गेल्या वर्षी ते फार थकल्याचं कळलं. मेट्रोने निघालो. एकच वाक्य पाठ करत होतो, अंधेरीला गाडी बदलताना तर तोंडाने पुटपुटत होतो. मास्तर पलंगावर होते, उशाशी नातीची पाटी. मला बघून चेहरा उजळला. सुनेला चहा सांगितला आणि पाटीवर लिहिलं, 'कम क्लीन'. खाली अर्थ, मनात दडवलेलं कबूल करणे. त्याखालची ओळ मोकळी. पाटी माझ्यापुढे सरकवली. त्यांना सगळं ठाऊक होतं की ते सहज झालं, मला अजून कळलेलं नाही. मी पेन्सिल उचलली. मी लिहिलं, चोराने पोलिसांना सगळं सांगितलं.

त्यांनी चष्मा सारखा करून वाचलं. "चोर कित्याक रे? आपल्या चाळीतला उदाहरण दी."

"पुढच्या वेळी देतो, मास्तर," मी म्हणालो आणि चहा संपवला.

गणपतीच्या आधीच ते गेले. ती पाटी आता कुठे असेल कोण जाणे. त्या ओळीत लिहायचं वाक्य मात्र मी घाटकोपरपासून पाठ करत गेलो होतो आणि तसंच परत घेऊन आलो. मास्तर, ते मी लिहिलं होतं. मला माफ करा.