सुमनबाई माझ्याबरोबर भोरच्या एसटीत चढल्या

दिवाळीनंतरच्या एका गुरुवारी नसरापूरला गेलो होतो. तिथं एका संस्थेची छोटी खोली होती... घरातलं माणूस गेलेल्यांशी बोलायला दर गुरुवारी एक समुपदेशक ताई यायच्या. माझं भोरच्या बाजारात मोटार रिवाइंडिंगचं दुकान, तिथं सगळे ओळखतात. ओळखीच्या माणसांसमोर मला रडता येत नाही, म्हणून नसरापूर.

माझी मुलगी निलोफर पावसाळ्यात तापानं गेली. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. हॉस्पिटलमध्ये तिच्याच सलाइनमधून काय चाललंय, ते ती मला समजावून सांगत होती... आणि मी मान डोलवत होतो.

लोक आले, "सब्र कर" म्हणाले, आपापल्या कामाला गेले. त्यांचं काही चुकलं नाही. कोण किती दिवस बसणार?

घरी मी आणि माझी बायको रेहाना. ती दिवसभर रडायची, मी दिवसभर दुकानात. जेवताना दोघंही ताटाकडे बघायचो. तिला वाटायचं, ह्यांना काहीच वाटत नाही.

त्या गुरुवारी मी ठरवून निघालो होतो. ताईंना एक गोष्ट सांगायची होती. कित्येक दिवस ती तोंडापर्यंत येऊन परत जात होती... मला आता जगावंसं वाटत नाही.

खोलीला कुलूप होतं. शेजारचा झेरॉक्सवाला म्हणाला, संस्थेचं इथलं काम थांबलं, ताई त्यांच्या गावी गेल्या. मधले काही गुरुवार मी चुकवले होते, त्यामुळे मला कळलंच नाही. ताईंना दोष देत नाही. निलोफरबद्दल मला पहिल्यांदा बोलतं त्यांनीच केलं होतं. पण ते कुलूप मी दोनदा हलवून बघितलं.

पायरीवर भोंगवलीच्या सुमनबाई बसल्या होत्या. वय साठीच्या आसपास. त्यांचा मुलगा हायवेवर अपघातात गेला, त्याही गुरुवारी यायच्या. आमची ओळख नमस्कारापुरती.

"बंद झालं म्हनं," त्या म्हणाल्या. "मला बी आत्ताच कळलं. बसा वाईच, भाऊ."

बसलो. आणि काय झालं कुणास ठाऊक... जे ताईंना सांगायचं होतं, ते सुमनबाईंना सांगून टाकलं. अगदी सरळ.

मला वाटलं, आता म्हणतील असं बोलू नये. त्या माझ्याकडे वळून बसल्या. मग विचारलं, "घरी ठाव हाय कुनाला?"

"नाही."

"मंग चला. मी येते तुमच्यासंगं."

भोंगवली एकीकडे, भोर दुसरीकडे. मी म्हणालो, अहो, तुम्हाला परतायला उशीर होईल.

"हूं द्या. माझं पोरगं घरातनं निगालं तवा मी चुलीपाशी हुते. मागं वळून बगितलं बी न्हाई. तुमाला कसं एकटं धाडू?"

भोरची एसटी आली, त्या माझ्याआधी चढल्या. बाहेर भाताची कापणी चालली होती.

रेहानानं दार उघडलं. "जय भीम, बाई" म्हणत सुमनबाई आत आल्या, पाणी प्यायल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सांगा आता."

मला जमेना...

शेवटी त्यांनीच सांगितलं. "ह्ये म्हनत्यात, जगावंसं वाटत न्हाई. ह्यांना एकटं सोडू नगा."

रेहाना होती तिथंच खाली बसली. मला वाटलं, ओरडेल. ती एवढंच म्हणाली, "मला वाटलं, फक्त मलाच तसं वाटतं..."

मग आम्ही तिघंही रडलो. निलोफर गेल्यापासून मी बायकोसमोर पहिल्यांदा रडलो. सुमनबाईंना नंतर माझ्या मेव्हण्यानं गाडीवरून घरी सोडलं.

दुसऱ्या दिवशी रेहाना मला दवाखान्यात घेऊन गेली. तिथून पुण्याच्या मानसोपचार डॉक्टरांकडे... आता दोघंही जातो. गोळ्या चालू आहेत.

बरं वाटतंय असं लिहिणार नाही, कारण वाटत नाही. सकाळ अजून अंगावर येते. निलोफर नाही, हे कुठल्याही गोळीनं बदलणार नाही. पण परवा दुकानात हातच चालेना, तेव्हा मी स्वतः रेहानाला फोन केला. ती आली, स्टूल ओढून शेजारी बसली. तेवढा दिवस निघाला...

कुणाच्या मनात असं काही असेल, तर कुणाला तरी सांगा. फार ओळखीचं नसलं तरी चालेल.

सुमनबाईंकडे साधा मोबाईल आहे, त्या हे वाचणार नाहीत. त्यांच्या मुलाचं नाव अमोल होतं. तेवढं तरी इथं लिहून ठेवतो.