डावखुरं भूत

वॉर्डातले सगळेच तिला मावशी म्हणत. ऐंशीचे पेशंट, त्यांच्या सुना, कालपरवा कामाला लागलेल्या सिस्टर, झाडून सगळे. चादर बदलायला मावशी, बेडपॅन द्यायला मावशी, कुशीवर वळवायला मावशी. सख्खी भाची मात्र तिला एकच होती, आणि त्या एकीनं चित्रं काढकाढून मावशीच्या डोक्याचा पार भुगा केला होता.

भाची दिवसा चष्म्याच्या दुकानात काम करायची आणि उरलेला सगळा वेळ कॉमिक काढायची. प्रकाशक वगैरे कुणी नाही. लिहिणारी ती, काढणारी ती, स्वतः छापून विकणारीही तीच. गोष्ट दोन बहिणींची होती. एक जिवंत, एक भूत, आणि दोघी मिळून राक्षसांना बडवतात. एवढं मावशीला पाठ होतं, त्यापुढे सगळा आनंदीआनंद. मुळात चौकटी कोणत्या क्रमानं वाचायच्या हेच तिला धड कळत नसे. ती एका बाजूनं सरळ वरून खाली जाई, त्यामुळे राक्षस आधी मरे आणि मग धमक्या देई.

"ही भिंतीतून आरपार जाते ना?" ती विचारायची.

"जाते."

"मग हिची लाथ त्याला लागते कशी? पायही आरपारच जायला हवा की."

"मावशी, तू फक्त उभी राहा गं."

उभं राहणं हे मावशीचं काम. हातात फरशी पुसायचा दांडा घेऊन भाची सांगेल तसं वाकायचं, वळायचं, धावून जायचं. राक्षस खांद्यावर कसा घ्यायचा हे भाचीला जमेना, तेव्हा मावशीनं गादीची वळकटी उचलून दाखवली होती. पाय फाकवून, गुडघ्यातून वाकून, पाठ सरळ ठेवून. पेशंट उचलतात तशी. पन्नाशी उलटल्यावर हे असले धंदे, असं ती म्हणायची, पण तिला गंमतही वाटायची.

मंगळवारी भाचीनं सगळी चाळीस पानं तिच्या पुढ्यात ठेवली. शुक्रवारी ती छापायला जायची होती.

"नीट बघ आणि मला एकच सांग," भाची म्हणाली. "आई अशीच होती ना? तू हो म्हणालीस तरच छापणार."

भूत म्हणजे भाचीची आई, मावशीची धाकटी बहीण. चार दिवसांच्या तापानं ती गेली तेव्हा पोर चार वर्षांची होती. बाप त्याआधीच पसार झालेला. तेव्हापासून पोर मावशीकडेच वाढली. आईचे फोटो तीन, आणि तिन्हींत ती फोटोग्राफरनं दटावल्यासारखी ताठ उभी. हलती बोलती आई कशी होती हे सांगणारं जगात एकच माणूस उरलं होतं. ते जे सांगेल तीच आई आता पोरीजवळ जन्मभर राहणार होती.

मावशीनं पानं पाहिली. नाक बहिणीचंच. हनुवटीवरचा तीळही जागच्या जागी. तरीही हो म्हणायला तिची जीभ रेटेना. काहीतरी खटकत होतं आणि काय ते सापडत नव्हतं. "बघते, बघते," म्हणून तिनं वेळ मारून नेली.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात ती सात नंबरच्या खाटेवरच्या सरांना कुशीवर वळवत होती. डावा हात त्यांच्या खांद्याखाली गेला, आणि ती तशीच थांबली. हा हात तिनं पाहिला होता. बाराव्या पानावर. भूत राक्षसाला असंच उचलतं.

"मावशी, मला अर्ध्यातच का ठेवलंत?" सरांनी विचारलं.

"सर, भूत डावखुरं असतं का?"

सरांनी आयुष्यभर गणित शिकवलं होतं. त्यांनी विचार केला. "जिवंतपणी असेल, तर असेल. पण आधी मला खाली ठेवा."

बहीण डावखुरी नव्हती. डावखुरी मावशी. चेहरा बहिणीचा आणि मानेखालचं सगळं धूड मावशीचं, असं ते भूत होतं. पोरीनं चेहरा फोटोवरून घेतला आणि बाकीचं, घरात जी बाई हिंडताना दिसत होती तिच्यावरून.

बरं, मग बहीण कशी होती? मावशी दिवसभर आठवत राहिली. चालायची कशी? हात कसे हलवायची? काहीच डोळ्यांपुढे येईना. वीस वर्षं आपण जिच्याशेजारी झोपलो तिची चाल विसरावी, याचा तिला स्वतःचाच भयंकर राग आला. चादरी मोजताना ती तीनदा चुकली. आठवलं ते एवढंच, की बहीण कमालीची भित्री होती. पाल, कुत्रं, लिफ्ट, इंजेक्शन, सगळ्याला भ्यायची. आणि पोरीनं तिला चाळीस पानं राक्षसांवर तुटून पडायला लावलं होतं. हे सांगायचं कोणत्या तोंडानं? आणि नाही सांगायचं, तर पोरीनं आई समजून जन्मभर मावशीलाच कवटाळून बसायचं?

गुरुवारी संध्याकाळी तिनं एका दमात सांगून टाकलं. डावा हात, धूड, सगळं.

भाची पानांकडे बघत राहिली. "मग ती कशी होती?"

"मला नाही आठवत गं. खरंच नाही. भित्री होती, एवढंच."

"भित्री म्हणजे कशी? करून दाखव."

मावशी गोंधळून उठली. काय दाखवायचं तेच तिला ठाऊक नव्हतं. "आता समज, समोरून कुत्रं आलं..." असं म्हणत ती भाचीच्या मागे गेली, तिचा कुर्ता पाठीवर मुठीत घट्ट धरला आणि कपाळ तिच्या खांद्याला टेकवलं.

भाचीचा हात आपसूक स्वतःच्या गळ्याशी गेला.

"फ्रॉक," ती हळूच म्हणाली. "रस्ता ओलांडताना मागून फ्रॉक धरायची. गळा आवळायचा माझा. मला वाटायचं, ती मला मागे ओढतेय."

"ओढत नव्हती. तुझा आधार घ्यायची."

"चार वर्षांच्या पोरीचा?"

"तुला कशाचीच भीती वाटायची नाही ना."

समोरच्या कपाटाच्या आरशात बघत भाचीनं विचारलं, "हात कोणता, मावशी?"

मावशीनं खाली पाहिलं. मूठ उजव्या हाताची होती. त्या हातानं तिनं जन्मात कधी काही घट्ट धरलं नव्हतं. हे कसं झालं ते तिला कळेना.

"सोडू नकोस," भाची म्हणाली आणि आरशावरची नजर न काढता टेबलावरची पेन्सिल चाचपू लागली.

"अगं, पण उद्या छापायचंय ना?"

"उद्या नाही छापायचं."

मावशीचं डोकं पुन्हा चक्रावलं. भूतच भ्यायलं तर राक्षसांना मारणार कोण, हे तिला विचारायचं होतं. खांदा भरून आला होता, बोटं दुखत होती. पण मूठ तिनं सोडली नाही.