मायांचं शहर आणि आमचे पासपोर्ट

एका दगडात दोन पक्षी मारायची खोड माझीच. अमेरिकेच्या व्हिसाच्या नव्या शिक्क्यासाठी थेट भारतात कशाला जायचं? मेक्सिकोतल्या अमेरिकन वकिलातीत मुलाखत देऊ आणि पासपोर्ट परत मिळेपर्यंत माया लोकांचं जुनं शहर बघून घेऊ. नवरा म्हणत होता, "यार, नुसतं फिरून येऊ ना. शिक्क्याचं नंतर बघू." मी फणकारले, "इतक्या लांब जायचं आणि नुसते दगड बघून यायचं?"

आठ वर्षांच्या लेकीला टेक्सासमध्ये, आमच्या प्लेनो गावातच ठेवलं, शाळा बुडायला नको म्हणून. दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या काकू निवृत्त डॉक्टर. त्या म्हणाल्या, "चार दिवसांचा तर प्रश्न आहे. जा गं निवांत."

मुलाखत पाच मिनिटांत आटोपली, पासपोर्ट त्यांनी ठेवून घेतले. दुसऱ्या दिवशी आम्ही त्या शहरात होतो. ऊन असं की डोक्यावरची टोपीसुद्धा तापलेली. मोठ्या पिरॅमिडसमोर गाईडने टाळी वाजवली आणि वरच्या पायऱ्यांमधून पक्षी ओरडल्यासारखा आवाज परत आला. सगळे टाळ्या पिटायला लागले, मीही. नवरा मात्र फोनकडे बघत होता. आणखी तपासणी करायची आहे, किती दिवस लागतील सांगता येत नाही, असा वकिलातीचा ईमेल आला होता.

मी तिथेच गवतावर बसले. ऑफिसच्या वकिलाला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, नुसते फिरायला गेला असतात तर महिन्याच्या आत जुन्या, मुदत संपलेल्या शिक्क्यावरही परत येता आलं असतं. तिथे नवा शिक्का मागितलात, तिथेच ती सोय संपली. नवऱ्याने पाण्याची बाटली माझ्यापुढे धरली. त्यापेक्षा चार शब्द बोलला असता तर बरं झालं असतं.

गाईड सांगत होता, हे शहर एका दिवसात ओस पडलं नाही, माणसं हळूहळू निघून गेली. मेली ती माणसं! मला माझ्या पोरीकडे जायचं होतं.

अकरा आठवडे आम्ही तिथे एका खोलीत काढले. लेकीला बोलवून घ्यावं, तर रोज वाटायचं, उद्या पासपोर्ट येतील. पहिले काही दिवस ती फोनवर रडायची, "आई, व्हेन आर यू कमिंग?" मी दरवेळी म्हणायचे, "या शुक्रवारी, बाळा." असे किती शुक्रवार गेले. मग तिने विचारणंच सोडलं. एकदा व्हिडिओवर बघते तर केस खांद्यापर्यंत कापलेले. सकाळी घाईत वेणी होत नाही म्हणून तिनेच काकूंकडे हट्ट धरला होता. मी छान छान म्हटलं आणि फोन ठेवून ओक्साबोक्शी रडले.

अखेर परतलो. विमानतळावरून थेट काकूंकडे. मी दारातच गुडघ्यांवर बसून दोन्ही हात पसरले. ती आली, नाही असं नाही. मिठी मारू दिली. मग बाजूला होऊन, घरी आलेल्या पाहुण्यांना विचारावं तसं, अगदी अदबीने विचारलं,

"हाऊ लाँग आर यू हिअर फॉर?"