वाहणारे आणि पोहणारे

ओहोटीला वाळूत जेलीफिश पडलेत. परवा कॉलेजातले एक सर इथंच म्हणाले, "बाबा, समुद्रात जीव दोन तऱ्हेचे. पाणी नेईल तिकडं वाहणारे, आणि पाणी कापत पोहणारे. जेलीफिश वाहणारा, बांगडा पोहणारा."

तेव्हापासून डोकं फिरलंय. बायकोच्या तेराव्याला धाकटा भाऊ म्हणाला होता, "दादा, वहिनी किती शांत गेली. वाहत गेल्यासारखी."

तू कुठं होतास रे? उशाशी मी होतो. शेवटपर्यंत ती माझा हात ओढत होती, पाय झाडत होती. जाळ्यातला बांगडा शेपूट आपटतो, तशी.

आता भरती येईल, ह्या जेलीफिशांना उचलून नेईल. ते हूं की चूं करणार नाहीत. माझी बाई तशी गेली नाही.