नेब्रास्कातली खोलगट खुर्ची

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात, एका एवढ्याशा गावाच्या संग्रहालयात मला ती लाकडी खुर्ची दिसली. बसून बसून तिची फळी मधोमध खोलगट झाली होती. भिंतीवर गावातल्या थोरांचे फोटो: गुरांचा डॉक्टर, सगळ्यांत मोठा भोपळा पिकवणारा शेतकरी. "भोपळ्यावर थोर?" असं तिथेच राहणाऱ्या माझ्या मुलीला म्हणत, दुखरे गुडघे घेऊन मी खुर्चीत ऐसपैस बसलो.

"बाबा, उठा! ती बघायची खुर्ची आहे!"

तोवर संग्रहालय सांभाळणाऱ्या आजीबाई आल्याच. खुर्ची त्यांच्या आईची. आई गावच्या टेलिफोन एक्स्चेंजात सगळ्यांचे फोन जोडून द्यायची. एका हिमवादळात शाळेतून निघालेली मुलं वाटेतल्या घरांत अडकली, तेव्हा कोणाचं मूल कुठे सुखरूप आहे हे प्रत्येक घरी कळेपर्यंत ती या खुर्चीतून हलली नाही.

"तिच्यानंतर हिच्यात कोणी बसलं नव्हतं," त्या म्हणाल्या.

मी कानकोंडा होऊन उठू लागलो.

"बसा हो. दमलेल्या माणसाला आईनं उठवलं नसतं."

थोरपण म्हणजे घोडा, तलवार आणि चौथरा, अशी माझी पक्की समजूत. इथे ते एका खोलगट फळीत मावलं होतं, आणि माझ्या ऐसपैस देहालाही पुरून उरलं होतं.

परवा मुलीचा फोन आला. खुर्चीजवळच्या पाटीवर एक ओळ वाढली आहे: 'पुढे भारतातले एक गृहस्थ हिच्यात बसले. त्यांचे गुडघे दुखत होते.'

तेव्हा नेब्रास्काच्या इतिहासात मी आलो आहे. भोपळेवाल्याच्या जरा खाली, पण आलो आहे.