आयसीयूच्या दारातला हीरो

आमच्या नेरूळच्या हॉस्पिटलात आयसीयूच्या दाराशी एक बाउन्सर उभा असतो. काळा टाइट टी-शर्ट, मांडीएवढे दंड, कोरलेली दाढी. पेशंटचे नातेवाईक त्याला 'हीरो' म्हणतात, सेल्फी घेतात. तोही लिफ्टच्या आरशात एक भुवई उंचावायची प्रॅक्टिस करतो. आवाज मात्र बारीक, म्हणून हातांची घडी घालून गप्पच राहतो. फार तर समोरच्या काउंटरवर येऊन मला विचारतो, "मॅडम, जेवन झालं का?" मी नुसती मान हलवते. अशा शरीराच्या पुरुषांची मला भीतीच वाटते.

मंगळवारी एका बाईंचा कॉलेजात जाणारा मुलगा आत वारला. त्या बाहेर आल्या, तर समोर हा.

"एवढा रेड्यासारखा तू जिवंत, आणि माझं पोर गेलं?" असं ओरडत त्या त्याच्या छातीवर बुक्क्या मारू लागल्या.

आता हा त्यांना ढकलणार, असं वाटून मी उठलेच. पण त्याने घडी सोडली, हात पाठीमागे घेतले आणि त्यांच्या पुढ्यात गुडघ्यांवर बसला. बाईंनी त्याच्या मुस्काटात दोन सणसणीत दिल्या आणि त्याच्याच खांद्यावर कोसळून रडू लागल्या.

नंतर सुपरवायझर सगळ्यांसमोर त्याच्यावर ओरडला, "बॉडी काय मार खायला बनवलीस? उद्यापासून दुसरा माणूस आणू का?"

गाल लाल झाला होता. खाली बघत तो म्हणाला, "साहेब, त्या आईचा हात माझ्या तोंडापर्यंत पोचत नवता."